सामायिक आकाशातील टक्कर : प्रवासी विमान आणि लष्करी विमान

बिदर आणि कलबुर्गी

सीमाभागातील हे दोन जिल्हे हवाई नकाशावर अलीकडेच आले. कलबुर्गीचा विमानतळ नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झाला. तो पूर्णपणे नागरी आहे. बिदरची गोष्ट वेगळी. तेथील धावपट्टी भारतीय वायुसेनेची आहे. 2008 पासून लढाऊ वैमानिकांचे ‘हॉक’ जेट विमानांवरील प्रगत प्रशिक्षण येथे चालते आणि ‘सूर्यकिरण’ हे कवायती विमानपथकही येथलेच. ‘उडान’ योजनेखाली फेब्रुवारी 2020 मध्ये याच धावपट्टीवरून बेंगळुरूची प्रवासी सेवा सुरू झाली. दोन्ही विमानतळांमधील हवाई अंतर जेमतेम 85 किलोमीटर; हॉक ते सहा-सात मिनिटांत कापते. लष्करी तळावर नागरी प्रवाशांसाठी राखलेल्या अशा भागाला ‘सिव्हिल एन्क्लेव्ह’ म्हणतात. पुण्याचे लोहगाव वायुसेनेचे, गोव्याचे दाबोळी नौदलाचे, व्यवस्था तीच.

दोन प्रकारची उड्डाणे

प्रवासी विमान ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या उंचीवर जाते. नियंत्रकाने सांगितल्याशिवाय ते उंची बदलत नाही. प्रशिक्षणाचे विमान मात्र वळते, उलटते, क्षणात हजारो फूट चढते किंवा उतरते. त्याच्यासाठी हवेतील एक संपूर्ण पट्टा राखून ठेवावा लागतो. दोन्ही प्रकारची उड्डाणे आपापल्या जागी सुरक्षित असतात. धोका निर्माण होतो तो राखीव पट्टा आणि हवाई मार्ग एकमेकांना छेदतात तेथे.

शिझुकुइशी, 1971

याचे सर्वांत बोलके उदाहरण जपानचे आहे. 30 जुलै 1971 रोजी ऑल निप्पॉन एअरवेजचे बोइंग 727 चितोसेहून टोकियोला निघाले होते. शिझुकुइशी गावावर, सुमारे 28,000 फुटांवर, जपानी हवाई दलाचे एफ-86 विमान त्याच्या शेपटीवर आदळले. प्रवासी विमानातील सर्व 162 जण मृत्युमुखी पडले; लढाऊ विमानाचा शिकाऊ वैमानिक हवाई छत्रीच्या साहाय्याने वाचला. तो आपल्या प्रशिक्षकाच्या विमानामागे रचनाबद्ध उड्डाणाचा सराव करीत होता. अशा सरावात मागच्या वैमानिकाची नजर पुढच्या विमानावर खिळलेली असते, बाजूने काय येत आहे याकडे पाहायला त्याला उसंतच नसते. पुढे न्यायालयाने शिकाऊ वैमानिकाला निर्दोष सोडले आणि प्रशिक्षकाला दोषी ठरवले. मुळात सरावाचे क्षेत्र हवाई मार्गाला भिडलेले होते, हे या प्रकरणातील सर्वांत गंभीर सत्य होय. त्यानंतर जपानने सरावक्षेत्रे आणि प्रवासी मार्ग एकमेकांपासून वेगळे केले.

भारतातील अनुभव

भारतातील सर्वांत भीषण टक्कर 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे झाली. सौदी बोइंग 747 आणि कझाकस्तानचे इल्युशिन-76 या दोन नागरी विमानांतील 349 जण त्यात दगावले. कझाक विमान नेमून दिलेल्या 15,000 फुटांच्या खाली उतरले, हे थेट कारण. पण पार्श्वभूमीत लष्कराचा संबंध होताच. दिल्लीभोवतीचा बराचसा अवकाश वायुसेनेसाठी राखीव असल्यामुळे येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना एकच मार्गिका उरली होती. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर या मार्गिका वेगळ्या झाल्या.

लष्करी विमानांच्या आपसातील टकरीही घडल्या आहेत. 1 ऑक्टोबर 2002 रोजी दाबोळीवर नौदलाची दोन इल्युशिन-38 विमाने एकमेकांवर आदळून त्यांतील 12 नौसैनिक मरण पावले. 19 फेब्रुवारी 2019 रोजी बेंगळुरूजवळ येलहंका येथे सरावात ‘सूर्यकिरण’ची दोन हॉक विमाने आदळली. एका वैमानिकाचा मृत्यू झाला, दोघे बाहेर झेपावून वाचले.

डोळ्यांची मर्यादा

निरभ्र आकाशात विमान दिसत कसे नाही, हा प्रश्न स्वाभाविक आहे. ताशी 400 किलोमीटरने जाणारे एटीआर हे प्रवासी विमान आणि समोरून ताशी 700 किलोमीटरने येणारे जेट सेकंदाला सुमारे 300 मीटरने जवळ येतात. तीन किलोमीटरवर दिसले तरी हाती दहा सेकंद उरतात. धोका ओळखून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत साडेबारा सेकंद लागतात, असा अमेरिकी विमानवाहतूक प्रशासनाचा हिशेब आहे. त्यात आणखी एक अडचण आहे. सरळ टकरीच्या मार्गावरील विमान समोरच्या काचेत सरकत नाही. काचेवरच्या डागासारखे ते एकाच जागी स्थिर राहते आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठे होते. नजर हालचाल चटकन टिपते, स्थिर ठिपका मात्र तिच्यातून सुटतो.

इशारा देणारी यंत्रणा

या उणिवेवर ‘टीकास’ हा उपाय आहे. प्रवासी विमानातील हे उपकरण आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपाँडरला रेडिओ संकेत पाठवते, उत्तरावरून अंतर आणि उंची काढते आणि टक्कर संभवत असल्यास वैमानिकाला ‘चढा’ किंवा ‘उतरा’ असा आदेश देते. दोन्ही विमानांत उपकरण असेल तर आदेश परस्परविरुद्ध दिशांचे मिळतात. समोरच्या विमानाचा ट्रान्सपाँडर उंची कळवत नसेल तर मात्र आदेश निघत नाही. जमिनीलगतही हे आदेश बंद ठेवलेले असतात. म्हणून उड्डाण आणि उतरण या टप्प्यांत खरी भिस्त नियंत्रकावरच राहते.

नियंत्रण कोणाचे

लष्करी तळावरील प्रवासी विमानालाही त्या तळाचा लष्करी नियंत्रकच परवानगी देतो. ही व्यवस्थेची मोठी जमेची बाजू आहे : दोन्ही वाहतुकी एकाच कक्षाला, एकाच पडद्यावर दिसतात. त्याची किंमत वेळापत्रकात मोजावी लागते, कारण नागरी विमानाला लष्करी सरावाच्या वेळा सांभाळूनच जागा मिळते. बिदरकरांना गैरसोयीची उड्डाणवेळ खटकणे साहजिक आहे, पण दोन वाहतुकींमध्ये वेळेचे अंतर राखणे हा सुरक्षेचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

नोंदींचा प्रश्न

29 जानेवारी 2025 रोजी वॉशिंग्टनमध्ये प्रवासी जेट आणि लष्करी हेलिकॉप्टर यांच्या टकरीत 67 जण दगावले. हेलिकॉप्टरचा मंजूर मार्ग आणि विमानाची उतरण यांत एका ठिकाणी अवघे 75 फूट अंतर उरू शकत होते, आणि थोडक्यात टळलेल्या प्रसंगांच्या नोंदी आधीपासून उपलब्ध होत्या. त्या कोणी एकत्र वाचल्या नाहीत. भारतात नागरी अपघातांचा तपास विमान अपघात अन्वेषण मंडळ करते, तर वायुसेना आपल्या अपघातांसाठी स्वतःचे चौकशी न्यायालय नेमते. बिदर, लोहगाव, दाबोळी अशा तळांवर टळलेल्या प्रसंगांच्या दोन्ही बाजूंच्या नोंदी नियमितपणे एकाच टेबलावर यायला हव्यात. अपघातानंतरच्या तपासापेक्षा त्यांचे मोल अधिक आहे.