बुलेटचे पुढचे स्प्रॉकेट
१९५५ साली मद्रासेत स्थापन झालेल्या एन्फिल्ड इंडियाची चार गिअरांची जुनी साडेतीनशे बुलेट ज्याच्या दारी अजून उभी आहे आणि जो तिच्यावरून दूरच्या प्रवासाची तजवीज करीत आहे, त्याने इंजिनाची गती मागच्या चाकाला अखेरीस कोणत्या प्रमाणात पोचते, हे आधी ध्यानी घेणे अगत्याचे आहे. गिअरबॉक्सवरील स्प्रॉकेटला १६ आणि मागच्या स्प्रॉकेटला ३८ दाते असले, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यास पुढचे स्प्रॉकेट सुमारे २.३८ फेरे घेते. तेथे १७ दात्यांचे बसवले, की हे प्रमाण २.२४ वर उतरते, आणि त्याच वेगाला इंजिन सुमारे सहा टक्के सावकाश फिरून त्याचे हादरे कमी होतात. मात्र चाकाची ओढही तितकीच घटते. म्हणून घाटमाथ्याच्या मुलखात सामान लादून, मागे माणूस बसवून चढ चढणाऱ्याने १६ दातेच राखावेत, आणि सपाट हमरस्त्यावरच्या स्वारानेही १८ चा मोह आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मागचे स्प्रॉकेट ब्रेकच्या ड्रमशी एकसंध असल्यामुळे पुढचेच बदलणे सोयीचे. परंतु तेही डाव्या बाजूचे चेनकेस उघडून क्लच उतरवल्याखेरीज हाती लागत नाही. झिजलेल्या चेनखाली नवे स्प्रॉकेट बसवू नये. चेन ताणताना चाक सरकते, तेव्हा मागच्या ब्रेकची दांडी पुन्हा जुळवावी, आणि जोडकडीच्या क्लिपची बंद बाजू चेनच्या गतीच्या दिशेला आहे, याची खातरजमा करावी. उलट बसलेली क्लिप वाटेत निसटू शकते.