नोटेतले जलचिन्ह



पाचशेची नोट उजेडाकडे धरून तुम्ही कधी पाहिली आहे का? नोटेच्या उजव्या बाजूला मोकळी जागा असते. एरवी तिथे काहीच नसते. पण नोट उजेडाकडे धरली की तिथे गांधीजींचा चेहरा दिसतो आणि शेजारी ५०० हा आकडा चमकतो. यालाच जलचिन्ह किंवा वॉटरमार्क म्हणतात.

हे चित्र शाईने काढलेले नसते. ते कागदातच असते. कागद कसा करतात ते आधी पाहू. आपल्या नोटेचा कागद कापसापासून करतात. कापसाचा पातळ लगदा तारेच्या जाळीवर पसरतात. पाणी खाली गळते आणि लगदा वर राहतो. जाळीवर जिथे उंचवटा असेल तिथे लगदा पातळ बसतो. जिथे खळगा असेल तिथे जाड बसतो. पापड लाटताना एखाद्या जागी पातळ झाला आणि तो उन्हाकडे धरला, तर तेवढी जागा उजळ दिसते. तसेच हे आहे. पातळ भाग उजळ, जाड भाग काळसर. त्यातून चेहरा तयार होतो. कागद ओला असतानाच हे काम होते, म्हणून मागाहून कोणाला ते करता येत नाही.

ही युक्ती फार जुनी आहे. इटली देशात फाब्रियानो गावी सुमारे १२८२ साली कागद करणारे लोक आपली खूण अशी कागदात घालू लागले. कागद कोणाचा आहे हे त्यावरून कळायचे. आपल्या देशात मध्य प्रदेशातील होशंगाबाद येथे १९६८ साली नोटांच्या कागदाची गिरणी सुरू झाली. त्या गावाला आता नर्मदापुरम म्हणतात. म्हैसूरलाही असा कागद होतो. आणि आपल्या नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात!

हे सगळे कशाला माहीत पाहिजे? माझी आजी आठवड्याच्या बाजारात मेथी विकते. जुडी दहा रुपयांना. तिला वाचता येत नाही. पाचशेची एक खोटी नोट आली तर पन्नास जुड्यांचे पैसे बुडतात. कारण खोटी नोट बँकेत नेली तर बँक ती बदलून देत नाही. तिच्यावर शिक्का मारून ठेवून घेते आणि पावती देते. खोटी आहे हे माहीत असून ती दुसऱ्याला खपवणे हा तर गुन्हाच आहे.

म्हणून मी आजीला नोट बघायला शिकवले. आजी म्हणाली, "गांधीबाबा दिसले की झालं ना गं?" मी म्हटले, "नाही आजी, तीन गोष्टी बघायच्या."

१) उजेडाकडे धरल्यावर चेहरा दिसला पाहिजे. खोट्या नोटेवर तो नुसता छापलेला असतो, म्हणून न धरताही दिसतो किंवा सपाट दिसतो.
२) नोट तिरपी केली की मधली हिरवी तार निळी दिसली पाहिजे. नव्या शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांत अशी तार आहे.
३) पाचशेच्या नोटेच्या दोन्ही कडांना पाच-पाच तिरप्या रेघा असतात. त्या बोटाला लागतात. ज्यांना दिसत नाही त्यांनाही त्या कळतात.

आता आजी गिऱ्हाइकासमोरच नोट उन्हाकडे धरते. कोणी रागावत नाही.

मोबाईलमधल्या फोटोतही जलचिन्ह घालतात. फोटो म्हणजे बारीक ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला आकडे असतात. १२० चा १२१ केला तर डोळ्याला कळत नाही, पण संगणकाला कळतो. असे पुष्कळ ठिपके ठरवून बदलले की गुप्त खूण होते. संगणकाने स्वतः बनवलेली चित्रे ओळखता यावीत म्हणून गूगलने २०२३ साली सिंथआयडी नावाची अशी खूण आणली. पण खूण सापडली नाही म्हणजे चित्र खरेच, असे समजू नये. सगळेच जण खूण घालत नाहीत.

घरी करून पाहा : पाटीवर ओला कागद ठेवा. त्यावर कोरडा कागद ठेवून पेन्सिलीने दाबून नाव लिहा. वरचा कागद काढा. ओल्या कागदावर नाव दिसेल. वाळला की जाईल, भिजवला की परत दिसेल.

पालकहो, आज घरी गेल्यावर खिशातली नोट एकदा उजेडाकडे धरा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही दाखवा.

— इयत्ता चौथी