किराण्याचा खर्च आणि ताटातील पोषण: काही रूढ समजुतींची तपासणी

कुटुंबाचे उत्पन्न जितके कमी, तितका त्याच्या एकूण खर्चातील अन्नाचा वाटा मोठा, हा नियम जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये मांडला आणि त्याची प्रचीती आजही प्रत्येक महागाईच्या काळात येते. भाव चढले की बहुतेक घरांत पहिली कात्री डाळ, दूध, अंडी आणि फळे यांना लागते, कारण या वस्तूंचा किलोचा किंवा डझनाचा भाव डोळ्यांत भरतो. उलट रोज थोडीथोडी होणारी खरेदी, म्हणजे बिस्किटांचे पुडे, फरसाण, थंड पेये आणि बाहेरून मागवलेले तयार पदार्थ, महिनाअखेरीच्या हिशेबात विखुरलेली राहते आणि म्हणून ती क्षुल्लक वाटते. वस्तुस्थिती मात्र याच्या उलट आहे. केंद्र सरकारच्या २०२२–२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार दरडोई मासिक खर्चापैकी तृणधान्यांवर ग्रामीण भागात ४.९१ टक्के आणि शहरी भागात ३.६४ टक्के खर्च झाला, तर पेये, फराळाचे जिन्नस आणि प्रक्रिया केलेले अन्न या गटावर, ज्यात बाहेरून विकत घेतलेले शिजवलेले जेवणही धरले जाते, अनुक्रमे ९.६२ आणि १०.६४ टक्के. म्हणजे धान्याच्या दुप्पट ते तिप्पट रक्कम ज्या गटावर जाते, त्याकडे काटकसरीच्या विचारात सहसा लक्षच जात नाही. काटकसर करावी की नाही हा प्रश्न बहुसंख्य घरांना उपलब्धच नसतो. ती कोठे करावी, एवढेच ठरवणे त्यांच्या हाती असते, आणि नेमक्या याच ठिकाणी रूढ समजुती वाट चुकवतात.

सर्वांत खोल रुजलेली समजूत अशी की पौष्टिक आहार महागच असतो. या समजुतीमागे किलोचा भाव हेच स्वस्ताई मोजण्याचे एकमेव माप मानण्याची सवय आहे. वास्तविक विचारायला हवे ते एका रुपयात किती पोषण मिळते हे. प्रथिनांपुरते, म्हणजे स्नायू, रक्त आणि शरीराची झीज भरून काढणाऱ्या घटकापुरते पाहिले, तर एक किलो तूरडाळीत सुमारे २२० ग्रॅम प्रथिने असतात आणि एक लिटर दुधात सुमारे ३२ ग्रॅम. याचा अर्थ असा की किलोभर डाळीचा भाव लिटरभर दुधाच्या भावाच्या जवळजवळ सातपट झाला, तरच प्रथिनांचा स्रोत म्हणून डाळ दुधाइतकी महाग ठरेल. दुधात कॅल्शियम आणि बी १२ जीवनसत्त्व असल्याने त्याची जागा डाळ घेऊ शकत नाही, पण ‘डाळ परवडत नाही’ हे विधान करण्यापूर्वी हा भागाकार करून पाहणे आवश्यक ठरते. हीच गोष्ट शेंगदाण्यांची आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात, बदामांत त्याहून काहीशी कमीच. तरीही मुलांच्या बुद्धीसाठी म्हणून बदाम हौसेने आणले जातात आणि दाण्याच्या कुटाकडे केवळ भाजी दाट करण्याचे साधन म्हणून पाहिले जाते. लातूर आणि विदर्भाच्या पट्ट्यात ज्याचे पीक दरवर्षी उभे राहते, त्या सोयाबीनचे तेल काढल्यावर उरलेल्या पिठापासून बनणाऱ्या वड्यांत वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिने असतात, पण पिकवणाऱ्याच्याच घरी त्या क्वचित शिजतात.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने ५५ किलो वजनाच्या प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. साध्या मराठी जेवणातून ती कशी भरून निघते हे पाहण्यासारखे आहे. साठ ग्रॅम पिठाची एक, अशा दोन वेळच्या चार भाकऱ्यांतून सुमारे २४ ग्रॅम, दोन्ही वेळच्या आमटीत मिळून साठ ग्रॅम डाळ पडली तर १३ ग्रॅम, भाजीत किंवा चटणीत पंचवीस ग्रॅम दाण्याचे कूट असेल तर ६ ग्रॅम आणि वाटीभर ताकात विरलेल्या शंभर ग्रॅम दह्यातून ३ ग्रॅम, असे मिळून ४६ ग्रॅम होतात. या हिशेबात एकही महाग जिन्नस नाही. मात्र त्यातील साठ ग्रॅम डाळ हा आकडा कळीचा आहे, कारण भाव वाढल्यावर आमटीत पाणी वाढते आणि हाच आकडा निम्म्यावर येतो. धान्यातील प्रथिनांत लायसिन नावाचे अत्यावश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि डाळींत ते भरपूर असते, उलट डाळींत गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात ती धान्यातून मिळतात. म्हणून वरणभात, खिचडी किंवा भाकरी-पिठले हे जोड आहारशास्त्राच्या दृष्टीनेही पक्के आहेत, आणि त्यातील डाळीचा भाग पातळ झाला की भाकरीतील प्रथिनांचाही उपयोग घटतो.

ज्वारी-बाजरी हे गरिबांचे धान्य आणि म्हणून स्वस्त, ही समजूतही आता जुनी झाली आहे. महाराष्ट्रातील ज्वारीचे क्षेत्र गेल्या काही दशकांत सतत घटत गेले, मंगळवेढ्याच्या मालदांडीसारख्या वाणाला शहरांतून मागणी वाढली आणि अनेक बाजारांत चांगली ज्वारी गव्हापेक्षा महाग विकली जाऊ लागली. आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून २०२३ साजरे झाल्यानंतर या धान्यांपासून बनवलेली बिस्किटे, शेवया आणि न्याहारीचे तयार पदार्थ दुकानांत आले, परंतु त्यांच्या वेष्टनावरील घटकांची यादी वाचली तर मैदा, साखर आणि तेल यांचेच प्रमाण अनेकदा मोठे आढळते. नाचणीचे मोल तिच्या कॅल्शियममध्ये आहे; शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, जे इतर कोणत्याही प्रमुख तृणधान्यात नाही, आणि ते पदरात पाडून घ्यायला आठवड्यातून तीन-चार वेळा तिची भाकरी किंवा आंबील पुरेशी असते.

सरकारी रास्त भाव दुकानातून मिळणाऱ्या तांदळाबाबतचा गैरसमज अधिक गंभीर आहे, कारण त्यामुळे हक्काचे अन्न फेकले जाते. तांदूळ धुताना काही दाणे वर तरंगतात, रंगाने थोडे वेगळे दिसतात आणि लगेच ते प्लास्टिकचे असल्याची अफवा गावभर होते. प्रत्यक्षात हे पोषणवर्धित दाणे असतात: तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी १२ मिसळून ते यंत्रातून दाण्याच्या आकारात काढले जाते आणि साध्या शंभर दाण्यांमागे असा एक दाणा या प्रमाणात मिसळले जाते. असा दाणा पाण्यात भिजवून चिमटीत दाबला तर त्याचे पीठ होते. जी गृहिणी संशयापोटी हे दाणे वेचून टाकते, ती त्या तांदळातील सर्वांत उपयुक्त भाग बाजूला काढत असते, आणि याचा दोष तिच्यावर नाही. धान्य वाटताना चार वाक्यांत ही माहिती सांगण्याची जबाबदारी ज्यांची होती, त्यांच्यावर तो येतो.

घाऊक खरेदी नेहमीच किफायतशीर असते, या समजुतीत अर्धे सत्य आहे. तूर, हरभरा, गहू आणि रब्बी ज्वारी यांचे नवे पीक साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात बाजारात येते, त्यामुळे उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरून ठेवण्याच्या जुन्या रिवाजाला पक्का आर्थिक आधार आहे. पण हा रिवाज अखंड धान्यासाठी आहे, पिठासाठी नाही. ज्वारीचे पीठ जुने झाले की विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ एक-दोन आठवड्यांतच कडवट होऊ लागते, म्हणून ही पिठे आठवड्यापुरतीच दळून आणणे हिताचे. शेंगदाण्यांच्या बाबतीत दक्षता आणखी हवी, कारण ओल लागलेल्या दाण्यांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृताला घातक विष तयार करते आणि ते घरगुती भाजण्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. खवट किंवा काळे पडलेले दाणे निवडून टाकणे हे येथे नुकसान मानता येत नाही. साठवणीत पाऱ्याच्या टिकड्या किंवा बोरिक पावडर घालण्याची पद्धत अजून चालू आहे, पण पारा आणि बोरिक आम्ल हे दोन्ही पोटात जाऊ नयेत असे पदार्थ आहेत. कडक ऊन, कोरडा घट्ट झाकणाचा डबा, कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि डाळींना चोळलेले थोडे एरंडेल यांवर घरगुती साठवण व्यवस्थित निभते.

मोठा पुडा म्हणजे स्वस्त पुडा, हेही गृहीत धरता येत नाही. पूर्वी चहा, बिस्किटे, तेल अशा अनेक वस्तू ठरावीक वजनांतच विकण्याचे बंधन होते. वैधमापनशास्त्राच्या आवेष्टित वस्तूंविषयीच्या नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ते बंधन काढले आणि त्याऐवजी प्रति ग्रॅम, प्रति किलो किंवा प्रति लिटर दर वेष्टनावर छापण्याची अट घातली. किंमत तीच ठेवून वजन घटवलेला पुडा ओळखण्याचे साधन हा बारीक अक्षरांतला एककदर आहे. शिवाय जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद आणि लेबल लावलेल्या डाळी, पिठे व तांदूळ यांवर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, तर सुट्या विक्रीवर तो नाही. ओळखीच्या वाण्याकडची निवडलेली सुटी डाळ म्हणून केवळ जुन्या वळणाची निवड ठरत नाही.

आठवड्याचा बेत आखणे म्हणजे सोमवारी अमुक भाजी आणि मंगळवारी तमुक, असे वेळापत्रक भिंतीवर लावणे, अशी कल्पना करून घेतल्यामुळे अनेक घरे या मार्गाला जात नाहीत. भाजीचे नाव आधी ठरवले की ती महाग असतानाही घ्यावी लागते; जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा आमसूल आणि चिंच वापरणाऱ्या स्वयंपाकघरांचे काही अडले नाही. अधिक व्यवहार्य रीत अशी की आठवड्यात किती वेळा डाळ, किती वेळा उसळ, किती वेळा पालेभाजी आणि किती वेळा अंडी किंवा मासळी एवढेच ठरवावे आणि नेमका जिन्नस बाजारातील भाव पाहून निवडावा. मुळ्याचा आणि नवलकोलाचा पाला, फ्लॉवरची कोवळी पाने, शेवग्याचा पाला हे सारे या पालेभाजीच्या वाट्यात बसते. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर पापलेट व सुरमई यांना प्रतिष्ठा आहे, पण हृदयाला उपकारक मानल्या जाणाऱ्या ओमेगा-३ स्निग्धाम्लांत तारली आणि बांगडा ही स्वस्त मासळी कोठेही उणी नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात सुकट आणि सुके बोंबील ताज्या मासळीची उणीव भरून काढत आले आहेत.

शिजवण्याच्या पद्धतीतही पैसा आणि पोषण दोन्ही निसटतात. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घातल्यास बी १ जीवनसत्त्वाचा नाश होतो. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधीच घातला तर आम्लामुळे डाळ शिजायला वेळ लागतो आणि गॅस अधिक जळतो. डाळ-कडधान्य भिजवून प्रेशर कुकरमध्ये शिजवणे, जेथे दाबामुळे तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जाते, आणि आंबट पदार्थ नंतर घालणे हा दोन्हींवरचा उपाय आहे. मटकीला मोड आणल्याने प्रथिने वाढतात, असे समजले जाते ते खरे नाही. वाढते ते क जीवनसत्त्व, आणि लोहाला अडकवून ठेवणारे फायटेट कमी होते. शिळ्या अन्नाबाबत दोन टोकांच्या समजुती आहेत. ते सरसकट टाकणे हा अपव्यय आहे, पण पुन्हा उकळले की काहीही चालते हेही चूक, कारण शिजवलेल्या भातात तग धरणारे बॅसिलस सेरेअस नावाचे जिवाणू खोलीच्या तापमानात वाढले की जे विष तयार करतात, ते उष्णतेने नाहीसे होत नाही. भात दोन तासांच्या आत थंड करून शीतकपाटात ठेवला तर दुसऱ्या दिवशीचा फोडणीचा भात निर्धोक असतो. कोरडी पोळी किंवा भाकरी या बाबतीत बरीच सुरक्षित आहे.

काटकसरीचा भार घरातील सर्वांवर सारखा पडतो, हा गैरसमज कोणी उघड बोलून दाखवत नाही, म्हणूनच तो सर्वाधिक नुकसान करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ज्या घरांत वाढणारी बाई शेवटी जेवते, तेथे कमी पडलेली उसळ, संपलेली भाजी आणि तळाशी उरलेली पातळ आमटी तिच्याच ताटात येते. चौघांसाठी मोजून घेतलेली डाळ प्रत्यक्षात तिघांच्या पोटात जाते. म्हणून मासिक यादी करताना डाळीचे वजन माणसांच्या संख्येने गुणून लिहिणे आणि वाढण्यापूर्वी त्या बाईचा वाटा वेगळा काढणे हा हिशेबाचाच भाग मानायला हवा. गुळाने लोहाची उणीव भरून निघेल, ही आशाही फोल आहे, कारण गुळात ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग साखरेचाच असतो आणि खाण्यात येणाऱ्या खड्याएवढ्या गुळातून मिळणारे लोह अत्यल्प असते. बाजरी, पालेभाजी आणि कडधान्ये यांतील लोह शरीराला अधिक प्रमाणात मिळण्यासाठी त्याच जेवणात क जीवनसत्त्व लागते. अर्धे लिंबू, एखादा आवळा किंवा पेरूच्या दोन फोडी एवढ्याने काम होते. चहातील टॅनिन मात्र तेच लोह अडवते, त्यामुळे जेवणावरचा चहा तासभर पुढे ढकलणे हा पूर्णपणे बिनखर्चाचा उपाय ठरतो.