विश्लेषण : रक्तदाबाच्या दोन गोळ्या एकत्र घेताना पोटॅशियमवर लक्ष का हवे?

बोईसरमधील डॉक्टरांनी रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन सुरू केलेले असते. पुढे हृदयाच्या तपासणीसाठी रुग्ण मुंबईला किंवा गुजरातमध्ये वापी, सुरतला जातो. तिथल्या चिठ्ठीत रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोनची भर पडते. जुनी गोळी बंद करायची की सुरू ठेवायची, हे विचारायचे राहून जाते. त्यात गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणले जाते. रक्तदाब आटोक्यात दिसतो, पण रक्तातील पोटॅशियम वाढू लागते. पालघर, बोईसर-तारापूर पट्ट्यात अनेकांना उपचारासाठी गाव सोडून जावे लागते. त्यामुळे हा धोका समजून घेणे गरजेचे आहे.

पोटॅशियमचे काम काय?

शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तात असलेला अंश फार थोडा, पण हृदयाचे ठोके आणि स्नायूंचे आकुंचन त्यावर अवलंबून असते. रक्तात ते साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर असावे लागते. जास्तीचे पोटॅशियम मुख्यतः मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. हे काम त्यांच्याकडून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक करून घेते. ते शरीरात मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर काढते.

कोणती गोळी काय करते?

रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या ‘प्रिल’ गोळ्या आणि टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारख्या ‘सार्टन’ गोळ्या अल्डोस्टेरॉनचे प्रमाण कमी करतात. स्पायरोनोलॅक्टोन त्याचे काम थेट अडवते. त्यामुळे या तिन्ही प्रकारांत पोटॅशियम वाढण्याकडे कल असतो. हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, टॉर्सेमाइड या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या उलट पोटॅशियम कमी करतात. ते फार घटले तर पायात गोळे येतात, अशक्तपणा जाणवतो आणि हृदयाची लय बिघडू शकते. अम्लोडिपिनचा पोटॅशियमवर विशेष परिणाम होत नाही.

मग दोन औषधे एकत्र देणे चूक का?

सरसकट नाही. अनेक रुग्णांचा रक्तदाब एका गोळीने आटोक्यात येत नाही. टेल्मिसार्टनसोबत अम्लोडिपिन किंवा क्लोरथॅलिडोन देणे ही रूढ पद्धत आहे. क्लोरथॅलिडोन पोटॅशियम कमी करते आणि टेल्मिसार्टन ते राखते, त्यामुळे तोल साधायला मदत होते. अडचण येते ती एकाच दिशेने काम करणारी औषधे एकत्र आल्यावर.

प्रिल आणि सार्टन एकत्र दिल्यास जास्त फायदा होईल, असे एकेकाळी वाटत होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऑनटार्गेट’ या अभ्यासात २५,६२० रुग्णांवर रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन आणि दोन्ही एकत्र यांची तुलना झाली. एकत्र दिल्याने हृदयविकार टाळण्यात जादा फायदा झाला नाही, मात्र रक्तदाब फार खाली जाणे, मूत्रपिंडे बिघडणे आणि पोटॅशियम वाढणे असे त्रास अधिक आढळले. २०१३ मध्ये मधुमेही मूत्रपिंडरुग्णांवरील अमेरिकेतील एक अभ्यास याच कारणांनी मुदतीआधी थांबवावा लागला. युरोपीय औषध नियामकाने २०१४ मध्ये या जोडीच्या वापरावर मर्यादा घातल्या.

स्पायरोनोलॅक्टोनची गोष्ट वेगळी आहे. हृदय निकामी होत असलेल्या रुग्णांचे प्राण ते वाचवते, हे १९९९ मध्ये सिद्ध झाले आणि प्रिल गोळ्यांसोबत त्याचा वापर झपाट्याने वाढला. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात अशा वृद्ध रुग्णांमध्ये वाढलेल्या पोटॅशियममुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होते. २००१ मध्ये ते ११ वर गेले. औषध उपयोगीच होते, पण ते देताना रक्ततपासणीची शिस्तही तितकीच आवश्यक होती.

तारापूरच्या कामगारांनी काय लक्षात ठेवावे?

तारापूर औद्योगिक वसाहतीत पोलाद, रसायने, औषधे, कापड यांचे कारखाने आहेत. भट्टीजवळ पाळी करणाऱ्याच्या शरीरातले पाणी घामावाटे कमी होते आणि मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त घटते. त्यातच अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतले, तर ताण दुप्पट होतो. प्रिल किंवा सार्टन, लघवी वाढवणारी गोळी आणि वेदनाशामक या तिघांची गाठ मूत्रपिंडांना विशेष घातक ठरू शकते. जुलाब-उलट्या होत असतील तर या गोळ्यांबाबत डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. मधुमेही, वृद्ध आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना धोका अधिक.

चिकू, शहाळे बंद करायचे का?

मूत्रपिंडे चांगली असतील तर डहाणू-घोलवडचा चिकू, केळी किंवा शहाळे यांना घाबरण्याचे कारण नाही. मूत्रपिंडे कमजोर असतील किंवा पोटॅशियम आधीच वाढलेले असेल, तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. एक पेला शहाळ्याच्या पाण्यात एका केळ्यापेक्षा जास्त पोटॅशियम असू शकते. अधिक सावध राहायचे ते ‘कमी सोडियम’च्या मिठाबाबत. त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम क्लोराइड असते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, पण मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांना त्यातून वगळले आहे.

तपासणी कधी करावी?

वाढलेले पोटॅशियम बहुतेकदा लक्षणे दाखवत नाही. कधी हातपाय जड वाटतात, नाडी मंदावते, छातीत धडधडते. ६ च्या पुढचा आकडा तातडीचा मानून ईसीजी करावा लागतो. म्हणून प्रिल, सार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन सुरू करण्यापूर्वी, आणि सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर एक ते चार आठवड्यांत, पोटॅशियम व क्रिएटिनीन तपासतात. स्पायरोनोलॅक्टोनसाठी पहिली तपासणी आठवडाभरात हवी. नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पोहोचायला उशीर झाला किंवा रक्तपेशी फुटल्या, तरी आकडा खोटाच वाढलेला येतो. अशा वेळी डॉक्टर चाचणी पुन्हा करायला सांगू शकतात.

गोळी स्वतःहून बंद करू नये. अचानक रक्तदाब चढणे हाही धोकाच आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना सर्व चिठ्ठ्या आणि गोळ्यांची पाकिटे, वेदनाशामके व मिठाच्या पुड्यासह, एकाच पिशवीत न्यावीत. ब्रँडचे नाव वेगळे असले तरी आतले औषध एकच किंवा एकाच जातीचे असू शकते. ते डॉक्टरांना पाकिटावरूनच कळते.