दक्षिणा ते शिष्यवृत्ति : पात्रतेच्या नियमांचा मागोवा

उच्च विद्येसाठीं द्रव्यसाहाय्य कोणास द्यावें, किती द्यावें व कोणत्या अटीवर द्यावें, हा प्रश्न आजचा नाहीं. आपल्या संग्रहांतील जुन्या कागदांत तो निरनिराळ्या नांवांनीं येतो : कोठें ‘दक्षिणा’, कोठें ‘वर्षासन’, कोठें ‘नेमणूक’, तर अलीकडच्या कागदांत ‘फेलोशिप’, ‘स्कॉलरशिप’ आणि ‘शिष्यवृत्ति’. नांवें बदललीं तरी कागदाचा गाभा एकच असतो. कोणी देणारा असतो, कोणी घेणारा असतो, आणि दोघांच्या मध्यें पात्रतेचा एक नियम उभा असतो. कोणत्या काळीं कोणाच्या विद्येस समाजानें मोल दिलें, हें ग्रंथांपेक्षां या नियमांवरून अधिक स्पष्ट कळतें. भंडारा जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर या इतिहासाचीं अलीकडचीं पानें संग्राहकांच्या दृष्टीस अद्याप फारशीं पडलेलीं नाहींत. तीं पडावीं, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम शास्त्राचें मत पाहूं. देवलाच्या नांवानें निबंधकारांनीं दानाचीं सहा अंगें सांगितलीं आहेत : दाता, प्रतिग्रहीता, श्रद्धा, धर्मानें मिळविलेलें देय, देश आणि काल. प्रतिग्रहीता पात्र असला पाहिजे, हा त्यांतील मुख्य मुद्दा. पात्र कोणास म्हणावें याविषयीं याज्ञवल्क्याचा निर्णय असा कीं, केवळ विद्येनें किंवा केवळ तपानें पात्रता येत नाहीं; हीं दोन्ही असून शिवाय आचरण शुद्ध असेल, तेथेंच ती मानावी. हीं सहा अंगें हाताशीं धरिलीं म्हणजे पेशव्यांच्या ताळेबंदांतील दक्षिणेची नोंद आणि महाविद्यालयांतील शिष्यवृत्तीचा अर्ज, हे दोन्ही कागद एकाच रीतीनें वाचतां येतात.

(१) रमण्यांतील दक्षिणा

श्रावणमासीं ब्राह्मणांस दक्षिणा वांटण्याचा परिपाठ सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं तळेगांवीं चालविला होता. खंडेराव १७२९ सालीं वारले, आणि त्यांचे पुत्र त्रिंबकराव १७३१ च्या एप्रिलांत डभईच्या लढाईंत पडले. त्यानंतर हा परिपाठ पहिल्या बाजीरावांनीं पुण्यास चालू ठेविला. नानासाहेबांच्या काळीं त्याचा व्याप इतका वाढला कीं, पर्वतीच्या पायथ्याशीं ‘रमणा’ नांवाचें मोठें आवार बांधावें लागलें. जमलेल्या ब्राह्मणांस आंत घेऊन दारें बंद करीत, आणि मग एकेकास बाहेर सोडतांना त्याच्या हातावर दक्षिणा ठेवीत. अशा व्यवस्थेंत एकास दोन वेळां घेतां येत नसे.

येथें पात्रतेचे दोन थर दिसतात. रमण्यांत शिरण्यास जन्म पुरेसा होता; तेथें विद्येची विचारणा नव्हती आणि हातीं पडणारी रक्कमहि अल्प असे. वैदिक, शास्त्री, पंडित यांची मात्र निराळी परीक्षा होई, आणि ज्याची जशी विद्या तशी त्याची दक्षिणा ठरे. या दुसऱ्या थरामुळेंच काशीपासून द्रविड देशापर्यंतचे विद्वान् पुण्याकडे येत. पहिल्याचें स्वरूप धर्मादायाचें, दुसऱ्याचें विद्यावेतनाचें. म्हणून दक्षिणेचा एकूण आंकडा पाहून ‘विद्येसाठीं इतका खर्च झाला’ असें अनुमान काढणें चुकीचें ठरेल. नोंद कोणत्या थराची आहे, हें संशोधकानें आधीं पाहिलें पाहिजे.

नियम चालविणारा कसा असावा, याविषयीं रामशास्त्री प्रभुणे यांची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्यांचे बंधु दक्षिणेस आले असतां नाना फडणिसांनीं अधिक रक्कम सुचविली. रामशास्त्र्यांनीं मात्र बंधूंस इतरांइतकीच देवविली, आणि भाऊ म्हणून काय द्यावयाचें तें आपण स्वतः देऊं, असें सांगितलें. ही आख्यायिका आहे व तशीच ती घ्यावी. परंतु वशिला हा पात्रतेचा निकष नव्हे ही समजूत लोकमनांत किती रुजली होती, हें तीवरून कळतें.

(२) पांच लाखांचे पन्नास हजार

१८१८ सालीं पेशवाई गेली, त्या वेळीं दक्षिणेचा खर्च सुमारें पांच लाखांचा होता. एल्फिन्स्टन यांनीं सरसकट वांटणी बंद करून विद्वानांसाठीं सुमारें पन्नास हजारांची तरतूद ठेविली. रकमेचा संकोच डोळ्यांत भरतो. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, रमण्याचा थर गेला आणि परीक्षेचा थर राहिला. पुढें ६ आक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली, ती याच निधीच्या आधारावर. तेथें शास्त्र्यांस पगार होता व विद्यार्थ्यांस वेतन होतें. म्हणजे पूर्वीं जें देय विद्या संपादन केलेल्यास मिळे, तें आतां विद्या संपादन करीत असलेल्यासहि मिळूं लागलें. दक्षिणेची शिष्यवृत्ति झाली ती या ठिकाणीं.

१८३६ च्या सुमारास सरकारनें ठरविलें कीं, चालू नेमणुका त्या त्या व्यक्तीच्या हयातीपर्यंत चालवाव्या, नवीन नांवें मात्र घालूं नयेत. नेमणूक खुंटली कीं रक्कम शिल्लक पडे. तेव्हां ही शिल्लक कोणाच्या उपयोगीं लावावी, असा प्रश्न उत्पन्न झाला. १८४९ सालीं लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख प्रभृति मंडळींनीं अर्ज केला कीं, या द्रव्याचा कांहीं भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस द्यावा. जुन्या मंडळींस हें रुचलें नाहीं व पुण्यांत मोठी खळबळ उडाली. तथापि १८५१ सालीं दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वांत आली. पात्रतेचें माप जन्म नव्हे तर ग्रंथ, हें तत्त्व यांत निदान कागदावर तरी आलें.

कागदावरचें तत्त्व व्यवहारांत उतरलें कीं नाहीं, याची कसोटी लवकरच लागली. १८५५ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक या कमिटीकडे पाठविलें. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहामुळें कमिटीनें तें पसंत केलें नाहीं, अशी तक्रार जोतीरावांनीं स्वतः पुढें लिहून ठेविली आहे. नियम सर्वांस खुला असला, तरी परीक्षकांच्या आसनावर कोण बसला आहे यावर बरेंच अवलंबून असतें, हा धडा आपणांस या प्रकरणावरून मिळतो. म्हणून निवडलेल्या ग्रंथांच्या यादीइतकीच नाकारलेल्या ग्रंथांची यादीहि इतिहासास मोलाची आहे.

(३) दक्षिणा फेलो

मुंबई विश्वविद्यालयाची स्थापना १८५७ सालीं झाली व त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं. त्याच सुमारास दक्षिणेच्या निधींतून ‘फेलो’ नेमण्यास प्रारंभ झाला. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व महादेव गोविंद रानडे हे दोघेहि आरंभींच्या काळांतील दक्षिणा फेलो होत. फेलोनें वेतन घेऊन उच्च अभ्यास करावा व खालच्या वर्गांस शिकवावें, अशी व्यवस्था होती. रमण्यांतून दक्षिणा घेऊन निघालेल्या ब्राह्मणावर दात्याचा पुढें कांहीं हक्क राहत नसे. फेलोवर तो राहिला. रानड्यांनीं एका निबंधांत मराठी राज्याची इंग्रजी राज्याशीं तुलना करून इंग्रजी राज्यास उणें ठरविलें, तेव्हां त्यांची वृत्ति सहा महिने बंद ठेवण्यांत आली, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. याज्ञवल्क्यानें पात्रतेंत ‘आचरण’ घातलें आहे खरें. परंतु दात्यास न रुचणारें मत हें दुराचरण ठरावें, असा त्याचा आशय खास नाहीं.

दात्याचा हा हक्क करारांत बांधला गेल्याचें उदाहरण बडोद्याच्या कागदांत आहे. भीमराव रामजी आंबेडकर यांस सयाजीराव महाराजांनीं अमेरिकेंतील शिक्षणासाठीं दरमहा साडेअकरा पौंड याप्रमाणें तीन वर्षांची शिष्यवृत्ति दिली. त्याबद्दलचा करार ४ जून १९१३ रोजीं झाला, आणि परत आल्यावर बडोदें संस्थानची दहा वर्षें नोकरी करावी, ही त्यांतील अट होती. जातीमुळें पूर्वींच्या कोणत्याहि दक्षिणेस जो पात्र ठरला नसता, त्याच्या विद्येवर एका संस्थानिकानें दहा वर्षांच्या सेवेचा भरंवसा टाकला. देवलाची ‘श्रद्धा’ ती हीच.

(४) भंडाऱ्याचा संबंध

आतां ‘देश’ या अंगाकडे वळूं. दक्षिणेचा निधि मुंबई इलाख्याचा. भंडारा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरांत वारले व राज्य खालसा झालें. १८६१ पासून हा जिल्हा मध्यप्रांतांत गेला. त्यामुळें वैनगंगेच्या कांठचा मराठी विद्यार्थी भाषेनें पुण्याचा सगोत्र असूनहि दक्षिणा फेलोशिपच्या कक्षेबाहेर राहिला. उच्च शिक्षणासाठीं त्यानें नागपुरास जावें, आणि तेथील महाविद्यालयें प्रथम कलकत्ता व मग अलाहाबाद विश्वविद्यालयास जोडलेलीं असावीं, असा प्रकार होता. नागपूर विश्वविद्यालय १९२३ सालीं झालें, तेव्हां कोठें परीक्षा जवळ आली.

प्रांताची ही भिंत ओलांडणारी योजना १९४४ सालीं आली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद या नात्यानें डॉ. आंबेडकरांनीं २९ आक्टोबर १९४२ रोजीं लॉर्ड लिनलिथगो यांस दलित वर्गाच्या गाऱ्हाण्यांचें निवेदन सादर केलें. शास्त्रीय व तांत्रिक शिक्षणास आणि परदेशीं शिकण्यास साहाय्य मिळावें, ही त्यांतील एक मागणी होती. १९४४ पासून मध्यवर्ती सरकारनें प्रवेशपरीक्षेपुढील शिक्षणासाठीं अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या देण्यास आरंभ केला. १९४८-४९ पासून ही सवलत अनुसूचित जमातींस मिळाली. ज्यांच्या मागणींतून ही योजना उभी राहिली, ते डॉ. आंबेडकर पुढें १९५४ सालीं भंडारा येथील लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले व भाऊराव बोरकर यांजकडून पराभूत झाले, हें येथें सर्वांस ठाऊकच आहे.

रमण्याच्या नियमाशीं या नियमाची तुलना करण्यासारखी आहे. दोन्ही ठिकाणीं जन्माची विचारणा आहे. परंतु रमण्यांत जन्म हाच अधिकार होता व विद्या ही वरकड; येथें प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय अर्जच करतां येत नाहीं, आणि जन्म विचारावयाचा तो पूर्वींच्या नियमांनीं कोणास दाराबाहेर ठेविलें होतें, हें ठरविण्यासाठीं.

या नियमांतहि एक पेंच पडला, आणि तो आपल्या जिल्ह्यास फार जवळचा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वयें अनुसूचित जातींची यादी मुख्यतः हिंदु धर्मीयांपुरती होती. १९५६ सालीं तींत शीखांचा पूर्णपणें समावेश झाला. त्याच वर्षीं १४ आक्टोबर रोजीं नागपुरास धर्मांतर झालें व भंडारा जिल्ह्यांतीलहि असंख्य कुटुंबें बौद्ध झालीं. ज्यानें अर्जांत ‘बौद्ध’ असें प्रामाणिकपणें लिहिलें, तो केंद्राच्या यादीप्रमाणें अनुसूचित जातींत मोडेना. महाराष्ट्र शासनानें राज्याच्या सवलती ‘नवबौद्ध’ या नांवाखालीं लागू केल्या. केंद्राची यादी मात्र १९९० सालीं दुरुस्त झाली. मधल्या चौतीस वर्षांत अर्जाच्या ‘धर्म’ व ‘जात’ या दोन रकान्यांत विद्यार्थ्यांनीं काय लिहिलें, हा सामाजिक इतिहासाचा अस्सल पुरावा आहे. तो कोणत्याहि भाषणांत किंवा ग्रंथांत सांपडावयाचा नाहीं.

(५) कागद कोणते राखावे

योजना पुढें बदलत गेली. डिसेंबर २०२० मध्यें अनुसूचित जातींच्या या शिष्यवृत्तीच्या खर्चांत केंद्राचा वांटा शेंकडा ६० व राज्याचा ४० असा ठरला. २०२१ च्या नियमांत पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा सालीना अडीच लाख रुपये धरिली असून, शैक्षणिक भत्ता व सक्तीचें शुल्क हीं देयाचीं दोन अंगें आहेत. अर्ज संगणकावर होतो व रक्कम परस्पर बँकेच्या खात्यांत जमा होते. सोय मोठी झाली. परंतु हस्तलिखित अर्ज, मंजुरीचा हुकूम व सहीचें वांटपपत्रक हे कागद यापुढें फारसे निर्माण होणार नाहींत. पूर्वींचे जे आहेत, ते महाविद्यालयांच्या कोठारांत पडून आहेत. जपणुकीची मुदत संपली कीं त्यांची गति रद्दींत.

यास्तव सूचना अशी कीं, (अ) १९४४ ते १९९० या काळांतील मंजुरीचे हुकूम व वांटपपत्रकें, (आ) नाकारलेले अर्ज व नकाराचीं कारणें, (इ) त्या त्या वर्षाचे छापील नियम, आणि (ई) रक्कम मंजूर झाल्याची व प्रत्यक्ष हातीं पडल्याची तारीख ज्यांत मिळते अशीं रोखवह्यांचीं पानें, हे चार प्रकार प्राधान्यानें राखावे. शेवटचा प्रकार विशेष महत्त्वाचा. सहाव्या अंगाचें, म्हणजे ‘काला’चें, माप तेथेंच मिळतें, परीक्षा आटोपल्यावर हातीं आलेली शिष्यवृत्ति आणि वर्षारंभीं आलेली शिष्यवृत्ति या हिशेबांत समान, पण विद्यार्थ्याच्या आयुष्यांत समान नव्हेत. हे कागद संस्थेच्या परवानगीनेंच घ्यावे, आणि हयात व्यक्तींचीं नांवें, जात व उत्पन्न प्रसिद्ध करूं नये, हें सांगणें नलगे.

सनदा, वतनपत्रें व पोथ्या यांसाठीं आपण गांवोगांव हिंडतों. ज्या घरांत पूर्वीं अक्षर शिरूं दिलें नाहीं, त्या घरांत पहिला पदवीधर कसा झाला, याची सनद म्हणजे मंजुरीचा तो पिवळा पडलेला हुकूम होय. पेशवे दफ्तरांतील दक्षिणेच्या यादीस जो मान आपण देतों, तोच या हुकमास द्यावा, एवढी वाचकांस विनंति आहे.