पत्रातून मिळालेले नाव

मासिकातील गोष्ट आवडली की आपण लेखकाचे नाव पाहतो. संपादकाचे नाव कुठेतरी बारीक अक्षरांत असते. तिकडे सहसा कोणी पाहत नाही. पण आलेला मजकूर वाचणे, त्यात काय कमी आहे ते लेखकाला कळवणे, त्याच्याकडून नवे लिहून घेणे हे सारे संपादकच करतो. पूर्वी हे काम बहुतेक पत्रांतूनच चाले.

प्रेमचंदांच्या कथा तुम्ही उर्दूत वाचल्या असतील. त्यांचे हे नाव एका संपादकाने सुचवले, हे तुम्हांला ठाऊक आहे काय?

त्यांचे खरे नाव धनपतराय. घरात त्यांना लाडाने नवाब म्हणत, म्हणून ते 'नवाब राय' या नावाने लिहीत. कानपूरच्या 'जमाना' या उर्दू मासिकात त्यांचे लेखन येई. (हा शब्द मराठीतही आहे आणि अर्थही तोच!) दयानारायण निगम हे या मासिकाचे संपादक. दोघांची चांगली मैत्री होती.

१९०८ साली नवाब राय यांच्या पाच कथांचा 'सोजे वतन' हा संग्रह 'जमाना'च्याच छापखान्यातून निघाला. त्यात देशप्रेमाच्या कथा होत्या आणि लेखक तर सरकारी नोकर, शाळा तपासणारे अधिकारी! कलेक्टरसाहेबांनी त्यांना बोलावून खूप सुनावले. उरलेल्या प्रती सरकारजमा झाल्या. यापुढे काहीही लिहिले तरी आधी आम्हांला दाखवा, असा हुकूमही झाला.

त्या वेळी धनपतराय कानपूरहून दूर, महोब्याला होते. त्यांनी आपली अडचण निगमांना पत्राने कळवली. क्वचित लिहिणाऱ्याला हा हुकूम जड गेला नसता. पण त्यांचे लिहिणे रोजचे. दर महिन्याला एक लेख पुढे आला, तर हा माणूस सरकारी कामात कसूर करतो असे साहेबांना वाटेल, ही त्यांची धास्ती होती.

'तूर्त लिहू नका,' असे निगम सांगू शकले असते. त्यांच्या मासिकालाही धोका होताच. पण त्यांनी नवे नाव सुचवले : प्रेमचंद. धनपतरायांना ते आवडले. मात्र पाच-सहा वर्षे खपून 'नवाब राय' हे नाव लोकांच्या ओळखीचे केले, ती सारी मेहनत वाया गेली, अशी हळहळ त्यांनी उत्तरात व्यक्त केली. वाचक लेखकाला नावानेच ओळखतात. ते टाकून देणे सोपे नसते.

डिसेंबर १९१० च्या 'जमाना'त 'बडे घर की बेटी' ही कथा नव्या नावाने आली. हा कोणी नवाच लेखक, असे कित्येकांना वाटले असेल. पुढे ते हिंदीत लिहू लागले, तेव्हाही हेच नाव कायम राहिले. त्यांनी निगमांना लिहिलेली पत्रे नंतर पुस्तकरूपाने छापली गेली.