मुळांच्या पुढची मुळं

उमरी-धर्माबादची काळी रानं मागे टाकून किनवट-माहूरकडे निघालं की माती हलकी, मुरमाड होत जाते आणि सागाचं जंगल लागतं. कसदार जमीन नांगराखाली गेली म्हणून जंगल मुरमावर उरलं, हे खरं. पण खताचा कणही न घालता ते तिथे तगलं कसं? याचं कारण असं की जंगलाचं भांडवल थोडं असतं, पण ते सतत फिरतं राहतं. पानगळीआधी साग पानांतलं काही नत्र आणि स्फुरद परत ओढून घेतो. उरलेलं पाचोळ्याबरोबर जमिनीवर येतं. पावसाळ्यात बुरशी, जिवाणू आणि वाळवी तो पाचोळा कुजवतात, आणि मोकळं झालेलं अन्न झाडापर्यंत पोचवण्यात मुळांत राहणाऱ्या बुरशीचा मोठा हात असतो.

मुळं आणि बुरशी यांच्या या जोडीला जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक यांनी १८८५ मध्ये शास्त्रीय नाव दिलं. स्फुरद मातीत जागचं फारसं हलत नाही. मुळाने आपल्या भोवतीचं उचललं की तिथे टंचाई होते. बुरशीचे तंतू मुळांहून कितीतरी बारीक असतात. ते या टंचाईच्या पट्ट्यापलीकडे जाऊन स्फुरद आणतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. सागाच्या मुळांतल्या या बुरशीची छत्री जमिनीवर उगवत नाही. वारुळावर उगवणारी अळंबी वेगळी, ती वाळवीने पोसलेली.

मग खत घालून हेच काम होणार नाही का? थोडंफार होतं. पण आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत घातलेल्या स्फुरदाचा बराच भाग चुन्याशी बांधला जातो, आणि स्फुरद मुबलक मिळालं की झाड बुरशीला साखर देणं कमी करतं. बुरशी तर शेतातही असते, असाही आक्षेप येईल. तोही बरोबर आहे. विकतची बुरशी टाकून दर वेळी फायदा होतोच असं नाही. मात्र या बुरशीचे बीजाणू बहुतेक मातीतच तयार होतात. वरचा थर धुपून गेलेल्या उघड्या माळावर तिचं बियाणंच विरळ होतं.

या तंतूंतून झाडं एकमेकांना अन्न आणि निरोप पाठवतात, अशी कल्पना कॅनडातल्या सुझान सिमार्ड यांच्या १९९७ च्या प्रयोगानंतर लोकप्रिय झाली. २०२३ मध्ये काही संशोधकांनी पुरावे तपासून सांगितलं की खऱ्या जंगलात हे अजून नीट सिद्ध झालेलं नाही. ते मान्य करूनही मातीचं मोल उणावत नाही. झाड आणि बुरशी यांची देवघेव तेवढ्यासाठी पुरेशी आहे.

राज्याने २०१९ मध्ये ३३ कोटी रोपं लावण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. रोपं लावावीतच, पण उभ्या जंगलाची जमीन राखणं हेही वृक्षारोपणच आहे. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून पाचोळा पेटवला की त्यातलं बरंचसं नत्र धुरात जातं आणि राखेतलं स्फुरद पहिल्या पावसात वाहून जाऊ शकतं. वेचणाऱ्याची अडचण खरी आहे. म्हणून झाडाखाली जाळी अंथरता यावी, आणि तिचा खर्च वेचणाऱ्यावर न टाकता वृक्षारोपणाच्या पैशातून व्हावा.